झेब्बुजच्या चढावर

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मागे मिठाची बारा पोती होती.
मी म्हटलं, ओझं झालं असेल.
दुसऱ्यांदा रिकामी होती.

थंड असताना शहाणी,
तापली की मुकी.
अर्धा तास कठड्यावर बसून मी समुद्र बघायचा,
मग किल्ली फिरवली की लगेच सुरू,
जणू मीच काहीतरी खोटं सांगत होते.
एकसष्टची मॉरिस. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी.

आणि मी तर सगळं नवं घातलं होतं!
पॉइंट, कंडेन्सर, टोपी, रोटर,
प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, प्रत्येकावर चकचकीत शिक्का.
नवीन आलेल्यावर कोण आधी संशय घेतं?
पेट्रोलचा पंप सोलून काढला.
टाकीतला गंज जुन्या मोज्यातून गाळला.
शेजारच्या नेनूची कॉइल दोन दिवस उसनी घेतली,
परत देताना तो म्हणाला,
"आता माझीही बिघडवलीस का?"
चोर मोकळा, आणि मी एकेका संन्याशाला
सुळावर चढवत होते.

एकदा शंका आली कंडेन्सरची. दुसरा मागवला.
तो जन्मतःच मेलेला.
म्हणजे पिशवीवरचा शिक्का
फक्त पिशवीबद्दल बोलत होता.

मग त्या रात्री, चढावरून ढकलत आणल्यावर,
इंजिन गरम होतं तोवरच टोपी उघडली,
गोदामातला दिवा मालवला.
कॉइलची जाड तार कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून
रोटरच्या पितळेपाशी नेली, नखभर अंतर ठेवून,
आणि स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडले, मिटले.

इथे काही दिसायला नको.
गाडी चालवायला लागल्यापासून मी ठिणगीच्या मागे लागलेली बाई,
आज ती दिसू नये म्हणून श्वास धरून उभी.

टिक्.
निळी, सुईच्या टोकाएवढी.
काळ्या प्लास्टिकच्या पोटातून वाट काढून
सरळ खाली दांड्यात.
प्लगांपर्यंत पोचायची वीज
मधल्यामधे गिळणारा हाच तो, सर्वांत नवा,
सर्वांत स्वच्छ.

जुना? जुना मी टाकला नव्हता.
नाताळच्या आधी माझ्या भाच्याला, बर्टूला दिला होता,
कुंपणावरून, त्याच्या बापाशी न बोलता.
विस्तिनशी मी सहा वर्षं बोलले नव्हते,
बाबांच्या मिठागराचे चौकोन मोजले तेव्हापासून:
माझे एकोणीस, त्याचे वीस.

मार्च उजाडला तरी त्यांच्या कपाटावर तो देखावा तसाच,
धूळ खात बसलेली मातीची माणसं, मातीची मेंढरं,
आणि एका कोपऱ्यात लोहार,
हातोडा उगारून,
समोर ऐरण: माझा रोटर.
गोंदाने चिकटवलेला.

विस्तिनने दार उघडलं, मला बघितलं,
माझ्या हातातला नवा रोटर बघितला.
काही विचारलं नाही.
चाकूच्या टोकाने ऐरण उचकटली,
गोंद खरवडला, बायकोच्या नेलपॉलिशच्या पाण्याने पुसला,
उजेडाकडे धरून चिरा शोधल्या. नव्हत्या.
"नवा किती दिवस चालला?"
"नऊ."
त्याने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलले.

बर्टू ओठ काढून उभा, त्याचा लोहार बेकार झाला होता.
मी नवा रोटर त्याच्या तळहातावर ठेवला.
त्याने गोंद लावला, दाबून धरला,
मनात दहापर्यंत मोजलं.

छान बसला. चकाकत होता.
लोहाराला वीज लागत नाही.

खाली उतरले तेव्हा विस्तिन बॉनेट उघडून उभा होता,
बोटात आगपेटीचा पुठ्ठा,
पॉइंटमधलं अंतर मोजत,
बाबा मोजायचे तसं.